परका हात

बांधकामावर सिमेंट चोरीला जातं, सळई चोरीला जाते, त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. ते मालकाचं असतं. हत्यार गेलं की मात्र मिस्त्री माणूस दोन दिवस जेवत नाही. यल्लप्पा विटकरचे दोन ग्राइंडर असे गेले होते. एक जेवणाच्या सुट्टीत, आणि दुसरा चक्क उशाखालून. त्यानंतर तो शेजारी झोपणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागला होता. म्हणून 'नभांगण'च्या साइटवर सगळ्या हत्यारांना ओळखीच्या मुठी बसवणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या यल्लप्पाने.

पुण्याच्या पश्चिमेला नदीच्या वळणावर 'नभांगण'चे मनोरे उठत होते. भिंती यंत्रं रचायची, गिलावा यंत्रं करायची, फरश्याही यंत्रंच बसवायची. माणसाच्या हाताला फार थोडं उरलं होतं. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची कड गोल करायची, तिला आरशासारखी झिलई आणायची, हे त्यातलं एक. यंत्रालाही ते जमत होतंच, पण यंत्राची कड सगळ्या घरांत एकसारखी निघायची आणि पैसेवाल्यांना नेमकं तेच नको होतं. सगळं यंत्राने व्हायला लागल्यावर त्यांना हातकामाचे डोहाळे लागले होते. माहितीपुस्तिकेत छापलेलं असायचं : 'ओटा – यल्लप्पा विटकर यांच्या हातचा.' मोहोळजवळच्या पालावर जन्मलेल्या माणसाचं नाव गुळगुळीत कागदावर! यल्लप्पाने ते पान कापून घरात देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं.

मुठी बसवायच्या दिवशी साइटच्या इंजिनिअर मृण्मयी देवस्थळी यांनी सगळ्यांना जमवलं. वयाने लहान, पण बोलणं रोखठोक.

"तुमच्या बोटांचे ठसे घेऊन काही उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "सिमेंटने आणि दगडाने सगळ्या रेषा झिजल्यात. पण हाताची थरथर झिजत नाही."

"माझा हात थरथरत न्हाई, मॅडम," यल्लप्पा म्हणाला. लोक हसले.

"सगळ्यांचा थरथरतो, मिस्त्री. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण एखादी वस्तू धरतो तेव्हा स्नायू एकदाच आवळून गप्प बसत नाहीत. ते सारखे बारीक बारीक हिसके देत राहतात, सेकंदाला आठ-दहा तरी. कुठल्या बोटाचा दाब किती, कुठलं बोट आधी आवळतं, हिसक्यांचा ठेका कसा, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. पाठमोरा माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसंच हे. मुठीवरच्या पातळ थराला तो ठेका कळतो. ओळखीचा हात असला तरच मोटर फिरते. नसला तर हत्यार ढिम्म हलत नाही आणि गेटवरच्या पाटीवर लाल अक्षरं उमटतात : 'परका हात.'

"आन् हात म्हातारा झाला म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"मूठ रोज थोडं थोडं शिकते. हात बदलेल तशी तीही बदलते. तुम्ही म्हातारे झालात तरी ती तुम्हाला ओळखेल."

"मॅडम, एक मूठ माझ्या तंबाखूच्या डबीला बी लावा," मागून एक जण ओरडला आणि सभा हसण्यावारी संपली.

नियम सोपे होते. कुणाला हत्यार उसनं द्यायचं असेल, तर मालकाने ऑफिसात येऊन स्वतःची मूठ दाबायची. हत्यार परक्या हातात सापडलं आणि पाळी संपेपर्यंत मालकाने मूठ दाबली नाही, तर ती चोरी. यंत्र आपणहून तसं नोंदवणार. शहरातल्या सगळ्या मोठ्या बिल्डरांनी हे मिळून केलं होतं. त्यामुळे एका साइटवरचा चोर म्हणजे सगळ्या साइटवरचा चोर. त्याला कुठलंच गेट उघडणार नव्हतं.

चोऱ्या थांबल्या, हे खरंच. महिन्याभरात माणसं जेवायला जाताना हत्यारं उघड्यावर टाकून जायला लागली. गेटवरची पाटी रोज हिरव्या अक्षरांत सांगायची : 'आज हरवलेली हत्यारे : शून्य.' पण त्याबरोबर आणखीही एक गोष्ट थांबली. पूर्वी 'जरा तुझा ग्राइंडर दे रे' म्हटलं की ग्राइंडर मिळायचा, बरोबर चार शिव्या मिळायच्या आणि परत करताना चहाही व्हायचा. आता ऑफिसपर्यंत कोण जाणार? जो तो आपल्या हत्यारापाशी आणि आपल्या कोपऱ्यात. यल्लप्पाला याचं वाईट वाटलं नाही. दोनदा लुटला गेलेला माणूस होता तो. त्याला हा कोपरा आवडत होता.

त्याच्या कोपऱ्यात जागा होती ती एकट्या लिंबराजला. लिंबराज म्हणजे यल्लप्पाच्या बायकोचा, रेणुकाचा, धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून तो बहिणीच्या घरीच वाढला आणि दगडाचं काम दाजींकडून शिकला. हे काम तोंडाने शिकवता येत नाही. कडेवर दाब किती द्यायचा, कुठे हात हलका करायचा, हे सांगणार तरी कसं? शिकवणारा मागे उभा राहतो, शिकणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवतो आणि दोन्ही हात मिळून ग्राइंडर फिरवतात. यल्लप्पाला त्याच्या बापाने असंच शिकवलं, त्याने लिंबराजला असंच शिकवलं. आता लिंबराजचा स्वतःचा ग्राइंडर होता, स्वतःच्या नावाची मूठ होती. पुस्तिकेत मात्र त्याचं नाव अजून आलं नव्हतं.

थंडी पडली तेव्हा यल्लप्पाच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडायला लागली. आधी करंगळी, मग शेजारचं बोट, मग मधलंही. खडूसारखी पांढरी, चिमटा काढला तरी कळू नये अशी. ग्राइंडर वर्षानुवर्षं हातात थरथरत राहिला की बोटांतल्या रक्ताच्या बारीक वाटा आकसतात, नसा मरतात. साइटवर याची माहिती देणारं चित्र टांगलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, हात बधिर असलेल्याला फिरतं हत्यार मिळणार नाही. नियम बरोबरच होता. बधिर हातातून ग्राइंडर निसटला तर मांडी फाडून जातो. यल्लप्पा त्या चित्रासमोरून जाताना मान वळवून जायचा.

यल्लप्पाने घासलेल्या एका ओट्याच्या कडेला लाट आली. सहज दिसणार नाही अशी, पण लिंबराजला दिसली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"सरका जरा, दाजी."

"कशाला?"

"सरका म्हंतो न्हवं."

तो मागे उभा राहिला आणि दाजींच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. मुठीला खालचा हात यल्लप्पाचा लागला, ती मुकाट्याने सुरू झाली. दाब लिंबराजचा, नेम लिंबराजचा. कड अशी उतरली की यल्लप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं तसं लाजेचंही होतं.

"तुझ्या आक्काला सांगू नगंस," तो म्हणाला.

"म्या कशाला सांगू?"

सगळी थंडी त्यांनी तसंच काम केलं. खालचा हात दिवसेंदिवस नुसताच पडून राहायला लागला, काम वरचा हात करत होता. मूठ बिचारी रोज थोडं थोडं शिकत होती. हात बदलतोय असं समजून ती बदलत्या हाताशी जुळवून घेत होती. हे दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी यल्लप्पाची बोटं वळतच नव्हती आणि दुपारी गिऱ्हाईक ओटा बघायला येणार होतं. "तुमी बसा, बघतो मी," असं म्हणून लिंबराजने दाजींचा ग्राइंडर उचलला. नुसता पुसून ठेवायला उचलला होता. सवयीने बटण दाबलं गेलं आणि ग्राइंडर सुरू झाला. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"च्यायला! दाजी, ह्याला मीच तुमी वाटायलो!"

दोघं पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी यल्लप्पा असा हसला होता. त्या दिवसापासून लिंबराज एकटाच ती कड घासू लागला. यल्लप्पा दाराशी बसून बाहेर कुणी येतंय का बघायचा आणि मधूनमधून "हलका हात, हलका" असं म्हणायचा. पुस्तिकेतलं नाव शाबूत होतं.

पण लिंबराजचा स्वतःचा ग्राइंडरही त्याच यंत्राला जोडलेला होता. एकच हात दोन नावांनी चालतोय हे यंत्राने हेरलं. एका दुपारी गेटवरची हिरवी अक्षरं गेली आणि लाल उमटली : 'परका हात. मालक : यल्लप्पा विटकर. वापरणारा : लिंबराज धोत्रे.'

मृण्मयीबाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं. ग्राइंडर टेबलावर होता.

"मिस्त्री, मी एकच विचारते. हा तुम्ही याला दिला होतात का?" त्या म्हणाल्या. "दिला असेल तर मूठ दाबा, उसना म्हणून नोंद करते आणि विषय संपला. फक्त का दिलात ते लिहावं लागेल आणि तुमचा हात एकदा तपासून घ्यावा लागेल."

लिंबराज कपाटाला टेकून निवांत उभा होता. त्याला कसली काळजी? दाजी बोलणार, मूठ दाबणार, मग जाऊन चहा प्यायचा.

यल्लप्पाचा उजवा हात खिशात होता. त्याला ते भिंतीवरचं चित्र दिसलं. मग पुस्तिकेतलं पान दिसलं, आणि त्या पानावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव. त्याला वाटलं, लिंबराज तरणा आहे. त्याला गावाकडे काम मिळेल, खाणीवर मिळेल. आज गप्प बसू, चार दिवसांनी मॅडमना एकटं गाठून काहीतरी सांगू, तोवर बोटंही सुधारतील. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो! परक्याची घालायला त्याला दिवस लागतात.

"दाजी?" लिंबराज म्हणाला.

यल्लप्पा ग्राइंडरकडे बघत राहिला.

"दाजी, बोला की."

बाहेर पाळी संपल्याचा भोंगा झाला. लिंबराज कपाटापासून सरळ झाला. त्याने दाजींच्या तोंडाकडे बघितलं, मग खिशातल्या हाताकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"न इचारता घेतला, मॅडम," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

गेट त्याच्यासाठी बाहेर जायला उघडलं. यल्लप्पा खिडकीतून बघत होता. लिंबराजने मागे वळून बघितलं नाही. पाटीवर पुन्हा हिरवी अक्षरं आली.

रेणुकाला ते शेजारणींकडून कळलं. यल्लप्पा घरी आला तेव्हा ती स्टोव्हपाशी बसली होती. गेले दोन महिने ती त्याला चहा पेल्यात अर्धाच द्यायची. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. आज तिने कपबशी काढली आणि कप काठोकाठ भरून त्याच्यासमोर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.

"ठेव, घेतो."

"आत्ता घ्या. उजव्या हातानं."

त्याने कप उचलला. चहा बशीत सांडला, मनगटावर सांडला, चटईवर सांडला. कढत होता, पण बोटांना काही कळलं नाही.

"माझा भाऊ चोर हाय," रेणुका म्हणाली, "आन् हा चहा तुमी सांडला न्हाई. व्हय ना?"

त्याने कप खाली ठेवला. तिने फडकं घेतलं आणि चटई पुसायला लागली.

"हात जायलाय हे मला कधीच कळलं हुतं. वाटलं, माझ्यापासनं लपवायलेत, लपवू द्या. बाप्या माणसाला लाज वाटती. गेला हात तर जाऊ द्या ओ. मी हाय, लिंबा हाय, मिळून कायबी करून खाऊ. पण त्यानं तुमची कड सावरली आन् तुमी त्याला..." ती थांबली. तिच्या तोंडून तो शब्द दुसऱ्यांदा निघेना. "उद्या जावा आन् खरं काय ते सांगा. न्हाई सांगितलं तर ह्या घरात मी तुमच्या हाताला हात लावणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी यल्लप्पा सरळ ऑफिसात गेला. मन हलकं झालं होतं. काय होईल ते होवो, एकदा ओकून टाकायचं. त्याने खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. पांढरी बोटं, थंडी, लाट आलेली कड, हातावरचा हात, सगळं सांगितलं. मृण्मयीबाई ऐकत राहिल्या.

"तेव्हा का बोलला नाहीत हो?" त्या एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ग्राइंडर पुढे सरकवला. "दाबा मूठ. मालकाने स्वतः दिला होता अशी नोंद झाली की लिंबराज सुटेल."

यल्लप्पाने दोन्ही पाय रोवून मूठ धरली आणि जीव खाऊन दाबली.

बाहेर गेटवर लाल अक्षरं उमटली : 'परका हात. यल्लप्पा विटकर यांचे हत्यार परक्याकडे.' कामावर येणारी माणसं पाटीकडे आणि मग ऑफिसच्या खिडकीकडे बघायला लागली.

त्याने पुन्हा दाबली. हात चोळून, फुंकर मारून पुन्हा दाबली. मृण्मयीबाईंनी शेवटी ग्राइंडर त्याच्या हातातून काढून घेतला.

"ती तुम्हाला विसरली, मिस्त्री," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतके दिवस ती लिंबराजचा दाब शिकत होती."

"मग त्याला बोलवा. त्यो दाबंल."

"त्याचा एकट्याचा हात आता चोराचा म्हणून बंद झालाय."

त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. ग्राइंडरचा मालक माझ्यासमोर उभा आहे म्हणून सांगितलं. पलीकडून विचारलं गेलं, मूठ काय म्हणते? मूठ नाही म्हणते. मग मालकाला घेऊन या. एखाद्याला चोर ठरवायला यल्लप्पाने गप्प बसणं पुरलं होतं. चोरी पुसायला मात्र हात लागत होता, आणि तो त्याच्यापाशी नव्हता.

"एकच गोष्ट उरलीय," मृण्मयीबाई म्हणाल्या. "तिला दोघांचा मिळून हात ठाऊक आहे. अगदी तसाच दोघांनी मिळून धरला तर कदाचित ओळखेल."

पण गेट लिंबराजला आत घेईना, आणि मालकाच्या हाताशिवाय ग्राइंडरला बाहेर जाऊ देईना. मग एवढंच ठरलं की गेटच्या गजांतून धरायचा. रेणुकाने चार दिवस भावाला शोधून, हातापाया पडून आणलं. तो आला. दाढी वाढली होती. चार साइटवरून त्याला परत पाठवलं होतं. रेणुका रस्त्यापलीकडे उभी राहिली.

यल्लप्पाने आतून ग्राइंडर गजांपाशी धरला. लिंबराजने बाहेरून हात आत घातला आणि दाजींच्या हातावर ठेवला. त्याच्या तळव्याची ऊब यल्लप्पाच्या मनगटाला कळली, बोटांना कळली नाही.

"चुकलो रं लिंबा," तो म्हणाला.

"दाबा," लिंबराज म्हणाला.

दोघांनी दाबली. मोटर हलली नाही. पुन्हा दाबली. लिंबराजचा जबडा घट्ट आवळलेला होता आणि त्याचा हात दगडासारखा ताठ होता, कुठे लागू नये म्हणून धरल्यासारखा. यल्लप्पाचा हात त्याखाली चोरासारखा आकसत होता.

"थोडं सैल धरा," मृण्मयीबाई काकुळतीने म्हणाल्या. "रोज धरायचात तसं धरा."

त्यांनी पुन्हा धरली. लिंबराजने डोळे मिटून घेतले, खांदे सैल सोडले. तो खरंच प्रयत्न करत होता. त्याच्या साऱ्या जगण्याचा प्रश्न होता. पण हातावरचा हात पूर्वीसारखा पडेना, आणि पूर्वी तो कसा पडायचा हे दोघांपैकी कुणालाच सांगता येईना. डोक्यावरच्या पाटीवर लाल अक्षरं तशीच होती.

लिंबराजने हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

"यंत्र खोटं बोलायलं न्हाई, दाजी," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

रेणुका त्याच्याबरोबर निघाली. यल्लप्पा गजांतून हात बाहेर काढून उभाच होता. वॉचमनने त्याच्या दुसऱ्या हातातून ग्राइंडर घेतला आणि नेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवला. थोड्या वेळाने पाटी हिरवी झाली : 'आज हरवलेली हत्यारे : शून्य.'